भरतीच्या पोरांनो, हळू धावायला शिका



पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी आपल्या वस्त्यांमध्ये पहाटे साडेचारला हालचाल सुरू होते. शाळेच्या मैदानावर, रेल्वेलाइनच्या कडेला, नाहीतर मोकळ्या रस्त्यावर आपली पोरं-पोरी धावायला लागतात. ज्या घरात आजवर कोणाच्या अंगावर वर्दी चढली नाही, त्या घरातली मुलगी पहाटे उठून बूट बांधते, हे बघून मला फार बरं वाटतं. पण ही मुलं ज्या पद्धतीनं धावतात, ती बघून काळजीही वाटते. पहिल्या दिवसापासून, रोजच्या रोज, जीव खाऊन धावतात. मैदानाच्या कडेला ओकारी झाली की "आज ग्राऊंड चांगलं झालं" म्हणतात.

मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. त्या अनुभवावरून माझं मत स्पष्ट सांगते. आठवड्यातलं बहुतेक धावणं हळू असलं पाहिजे, सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतकं हळू. रोज दम लागेपर्यंत धावल्यानं वेळ सुधारत नाही, पाय मात्र जातात. आणि त्याची सगळ्यात जास्त किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागते. पैसेवाल्याच्या मुलाचा पाय दुखला तर तो फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरतीला उभा राहतो. आपल्या मुलाला घरी बसून राहणं परवडत नाही. तो पेनकिलर खाऊन धावतो, किंवा धावणं सोडून मिळेल ते काम धरतो. वयाची मर्यादा तोवर जवळ येतच असते.

आधी चाचणी काय आहे ते बघू. शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याला २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण केलं, तर पूर्ण गुण. वेळ कडक आहे, त्यामुळे मुलं आणि त्यांना शिकवणारेही सरळ हिशोब करतात : जोरात धावायचंय, तर रोज जोरातच धावलं पाहिजे. हा हिशोब शरीराला लागू पडत नाही.

१६०० मीटर ऐकायला कमी वाटतं. पण पाच-सहा मिनिटांच्या धावण्यात शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा प्राणवायूच्या मदतीनं तयार होतो, पाच भागांतले जवळपास चार भाग. ८०० मीटरमध्येही निम्म्याहून बराच जास्त. म्हणजे ही चाचणी मुख्यतः हृदय, फुप्फुसं आणि रक्त यांच्या ताकदीची आहे. ही ताकद हळू धावण्यातून वाढते. आपण बराच वेळ आरामात धावतो तेव्हा हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर फेकायला शिकतं. पायाच्या स्नायूंमध्ये केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि त्यासाठी धाप लागायची गरज नसते.

दुसरी गोष्ट हाडांची. नवीन माणूस धावायला लागला की दोन-तीन आठवड्यांत त्याचा दम सुधारतो. पण हाडं, सांधे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा मजबूत व्हायला कितीतरी महिने लागतात. मुलाला वाटतं, आता आपण तयार झालो, आणि तो जोर वाढवतो. तिथेच नडगी दुखायला लागते. आमच्या आरोग्य शिबिरात भरतीची मुलं येतात, त्यांची सगळ्यात जास्त तक्रार नडगीच्या आतल्या बाजूच्या दुखण्याची असते. तिकडे दुर्लक्ष करून डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत धावत राहिलं, तर हाडाला बारीक चीर पडते. मग सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, धावणं पूर्ण बंद. तोवर ग्राऊंडची तारीख निघून जाते.

हे हळू धावण्याचं तंत्र नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. ते बुटांच्या कारखान्यात काम करणारे कामगार होते, कुठल्या मोठ्या विद्यापीठातून शिकून आले नव्हते. स्वतःच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी पद्धत बसवली. आधी कित्येक आठवडे लांब पल्ल्याचं, दमछाक न करणारं धावणं, आणि शर्यत जवळ आल्यावरच वेगाचा सराव. त्यांच्या शेजारपाजारची मुलं त्यांच्याकडे शिकायला येत. त्यातल्या पीटर स्नेल यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच दिवशी मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचं. स्नेल यांची ही शर्यत ८०० मीटरची, पण सरावात ते २२ मैलांच्या डोंगराळ वाटेवर धावत. पुढे लिडियार्ड यांनी हृदयविकार होऊन गेलेल्या माणसांनाही हळूहळू धावायला लावलं.

अलीकडे नॉर्वेमध्ये काम करणारे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी जगातले उत्तम धावपटू, नावाडी, सायकलपटू यांचा सराव तपासला. ही मंडळी दहातली साधारण आठ सत्रं हलक्या जोरानं करतात आणि दोनच सत्रं जोराची. ऑलिम्पिकमध्ये उतरणारा माणूस आठवड्यातले बहुतेक दिवस आरामात धावतो, आणि कालच धावायला लागलेला आपला मुलगा सातही दिवस जोरात. यावर आपण विचार करायला नको का?

आता हळू म्हणजे किती? त्यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. सोबतच्या मैत्रिणीला काल घरी काय भाजी केली होती, हे पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर मोठ्यानं बोलून बघा. ज्या मुलाचं लक्ष्य १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत धावायचं आहे, त्याला चाचणीत ४०० मीटरचा एक राऊंड साधारण ७७ सेकंदांत मारावा लागेल. पण हलक्या दिवशी त्यानं तोच राऊंड अडीच मिनिटांत मारला तरी पुष्कळ झालं. नवीन मुलामुलींना तीन मिनिटंही लागतील. चढ आला, ऊन वाढलं, रात्री झोप झाली नसेल, तर आणखी हळू. बोलता येत नसेल तर चाला. मध्ये चालणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, नवीन माणसाच्या सरावाचा तो भागच आहे.

हे ऐकून मुलं म्हणतात, "ताई, असं धावल्यावर मेहनत केल्यासारखं वाटतच नाही." मी त्यांना शेतात मजुरीला जाणाऱ्या आजीकडे बघायला सांगते. निंदणीला बसलेली बाई पहिल्या तासात सगळी ताकद लावत नाही. तिला संध्याकाळपर्यंत पुरायचं असतं आणि उद्या पुन्हा यायचं असतं. तिच्या मेहनतीला कोणी आळस म्हणेल का? आपल्या घरात तर दुसराही दाखला आहे. सोण नावाच्या भिक्खूनं ध्यानासाठी चालण्याचा इतका अट्टहास केला की त्याचे पाय फुटून वाट रक्तानं भरली. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला, तो आधी वाजवत असे त्या वीणेचीच आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. विहारात ही गोष्ट आपण ऐकतो, ती मैदानावर वापरायला हरकत नाही.

दुसरी अडचण खरी आहे : वेळ नसतो. जाहिरात आल्यावर दोन-तीन महिन्यांत तयारी करायची म्हटलं, तर हळू धावायला सवड कुठून? म्हणूनच माझं सांगणं आहे की जाहिरातीची वाट बघू नका. ज्याला भरतीला उतरायचंय त्यानं आजपासून हळू धावायला सुरुवात करावी. बारावीची परीक्षा झालेल्या मुलामुलींनी तर नक्कीच. आधीचं सहा महिन्यांचं हलकं धावणं अंगात असेल, तर जाहिरातीनंतरचे दोन महिने वेगासाठी पुरतात. पाया नसताना दोन महिने रोज जोर केला, तर बहुतेक वेळा हातात क्रेप बँडेजच येतं.

तिसरी अडचण शिकवणाऱ्यांची. गल्लोगल्ली भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. काही ठिकाणी मनापासून शिकवतात, ते मान्य. पण अनेक ठिकाणी शंभर मुलं एका रांगेत उभी करून रोज घड्याळ लावतात. मागे पडेल त्याला शिव्या किंवा उठाबशा. आईवडील व्याजानं पैसे काढून फी भरतात, तेव्हा त्यांना विचारायचा हक्क आहे : आठवड्यात हलके दिवस किती? सुट्टी किती? पाय दुखतो म्हटल्यावर मुलाला थांबवता की धावायला लावता? उत्तर समाधानकारक नसेल, तर ती फी वाचवून मुलाला चांगले बूट आणि रोज दोन अंडी द्या.

आता रक्ताबद्दल, कारण आपल्या घरांसाठी हा विषय फार जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन ९ आहे, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अपुरी आहे. तिला कितीही ओरडून पळवलं तरी वेळ सुधारणार नाही, चक्कर येईल. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये १२ आणि पुरुषामध्ये १३ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर नियमित घ्या, चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घेतल्या तर चांगल्या लागू पडतात. धावायच्या आधी मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ किंवा एखादं केळं खा. रिकाम्या पोटी पहाटे राऊंड मारत बसू नका.

सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि राज्यातल्या अनेक आदिवासी भागांत हा आजार जास्त आढळतो. ज्याच्या रिपोर्टमध्ये 'एएस' लिहिलेलं असतं तो वाहक. तो आजारी नसतो, धावू शकतो, भरतीलाही उतरू शकतो. पण अंगात सवय नसताना एकदम पूर्ण जोरानं धावणं, तेही उन्हात आणि पाणी न पिता, त्याच्यासाठी इतरांपेक्षा जास्त धोक्याचं असतं. स्नायू मोडायला लागतात आणि त्याचा ताण किडनीवर येतो. अमेरिकेच्या सैन्यातल्या जवानांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये असा स्नायूंचा त्रास जास्त दिसला, पण मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं नाही. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि उन्हापासून बचाव यांचे नियम सगळ्यांनाच पाळावे लागतात. म्हणजे हळूहळू जोर वाढवणं हाच वाहकाचा सगळ्यात चांगला बचाव आहे. 'एसएस' असलेल्या मुलांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव सुरू करू नये. आपल्या मुलाचा रिपोर्ट काय आहे, हे किती घरांना माहीत आहे?

भीती घालायची म्हणून सांगत नाही, पण जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या वेळी काही उमेदवारांचे जीव गेले होते. शिपाई पदाच्या चाचणीतलं अंतर आता कमी आहे, पण ऊन तेच आहे आणि तयारीविना धावणारी मुलंही आहेत. म्हणून या खुणा घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा :

धावताना छातीत दुखलं, भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर त्या दिवशी धावणं बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

धावल्यानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

उन्हात धावताना मुलगा असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, तर सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

नडगीवर एका बोटानं दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं थांबवून तपासून घ्यायचं. पेनकिलर खाऊन धावायचं नाही. पाणी कमी आणि पेनकिलर जास्त, हे किडनीला झेपत नाही. ग्राऊंडच्या दिवशी "ताकदीचं इंजेक्शन" देणारे काही जण फिरतात, त्यांना दारातही उभं करू नका.

आता सराव कसा मांडायचा, ते थोडक्यात सांगते.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून चार दिवस अर्धा तास. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवायचं, चालणं थोडं कमी करायचं.

पाचवा ते बारावा आठवडा : चार ते पाच दिवस, ३० ते ४० मिनिटं सलग, बोलता येईल अशा वेगानं. शक्यतो मातीवर. यातल्या दोन दिवशी शेवटी ८० मीटरचे चार-पाच सुटे, मोकळे फेर मारायचे, त्यातही पूर्ण जोर नाही. गोळाफेकीचं तंत्र याच काळात शिकायचं.

तेराव्या आठवड्यापासून : एक दिवस ४०० मीटरचे चार राऊंड चाचणीच्या वेगानं, प्रत्येकानंतर पूर्ण दम येईपर्यंत चालणं. एक दिवस १०० मीटर आणि गोळा. बाकीचे धावायचे दिवस हलकेच. घड्याळ लावून पूर्ण चाचणी महिन्यातून एकदाच. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती. ग्राऊंडच्या आधीचा आठवडा तर अगदी कमी धावायचं.

मुलींबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. जोरात धावणारी मुलगी एका झटक्यात नजरेआड होते. हळू धावणाऱ्या मुलीला टपरीवरचे लोक बघत बसतात, बोलतात. त्यामुळे आपल्या मुली घाईघाईत दोन राऊंड जोरात मारून घरी पळतात. हा प्रश्न मुलींनी एकटीनं सोडवायचा नाही. चार-पाच जणींनी मिळून धावा. सोबत एखादी आई, मावशी, काकू चालायला येऊ दे. चालणाऱ्या बाईचंही आरोग्य सुधारेल आणि टपरीवरची तोंडंही बंद होतील. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर धावायला हरकत नाही, नसेल वाटत तर विश्रांती घ्या. आणि सराव सुरू केल्यावर पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर खाणं कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना भेटा, कारण त्यामुळे हाडंही कमजोर होतात.

शेवटी आपल्या मंडळांना आणि विहार समित्यांना एक विनंती. जयंतीला आपण प्रेमानं वर्गणी देतो. त्यातला थोडा हिस्सा भरतीच्या मुलामुलींसाठी ठेवा. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीचं शिबिर आरोग्य केंद्राला सांगून विहारातच भरवता येतं. जवळच्या शाळेचं किंवा नगरपालिकेचं मैदान पहाटे पाच वाजता उघडावं आणि तिथे दिवा असावा, यासाठी अर्ज द्या, पाठपुरावा करा. वस्तीतले जे भाऊ-बहिणी आधीच पोलिसात, सैन्यात गेले आहेत, त्यांनी सुट्टीवर आल्यावर एक तास या पोरांसोबत हळू धावावं. त्यांना हळू धावताना बघितलं, की पोरांना माझ्या दहा भाषणांपेक्षा लवकर पटेल.

आणि आईवडिलांनो, तुमचा मुलगा पहाटे गप्पा मारत आरामात धावताना दिसला, तर "हा काय टाइमपास करतोय" असं म्हणू नका. त्याला घरी आल्यावर पोटभर खायला द्या आणि रात्री दहाला झोपू द्या. तो तयारीच करतोय.

जय भीम.